काठवटीत उरलेलं माप

काडतुसं भरायला मी शिकले ती मामंजींचा चष्मा फुटला म्हणून. नाहीतर सुनेच्या हाती बंदुकीच्या दारूचा डबा देणारा सासरा त्या काळात आमच्या भागात शोधून सापडला नसता, आणि आमचे मामंजी तर मिठाच्या बरणीचं झाकणसुद्धा दोनदा तपासणारे.

दुसरी मोठी लढाई चालू होती. आमचं गाव प्रवरेच्या काठी, कोल्हारच्या थोडं अलीकडे. पाटाचं पाणी आल्यापासून सगळीकडे ऊस झाला होता आणि उसाबरोबर रानडुकरं आली होती. एका रात्रीत अर्धा बिघा ऊस आडवा करून जायची. गावात परवान्याची रायफल एकच, मामंजींची. ते मिशनच्या शाळेत मास्तर होते. विलायतेला परत जाताना एका पाद्रीसाहेबांनी रायफल त्यांना दिली आणि परवानाही रीतसर त्यांच्या नावावर करून दिला. रायफल जुनी, एका वेळी एकच काडतूस घेणारी. खालचा दांडा ओढला की मागचं तोंड उघडायचं, काडतूस आत सरकवायचं, दांडा मिटायचा. लढाई लागल्यावर नगरच्या दुकानात तयार काडतुसं मिळेनाशी झाली. परवाना दाखवला की थोडी दारू, शिसं आणि काडतुसाच्या बुडाला बसणाऱ्या, घाव बसला की ठिणगी देणाऱ्या टोप्या तेवढ्या मिळत. म्हणून मामंजी वापरलेल्या पितळी नळ्या जपून ठेवत आणि घरीच पुन्हा भरत.

मग चष्मा फुटला. नवा करायचा तर नगरला दोन खेपा, आणि काचा येणार मुंबईहून, येतील तेव्हा. मामंजींची लांबची नजर घारीसारखी. पाटापलीकडे कुणाची म्हैस सुटली ते ओसरीवरून सांगायचे. पण तळहातावरची टोपी उलटी की सुलटी, ते काही कळेना. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "ह्यांचं म्हंजे दुरून डोंगर साजरे. ताटातली भाजी इचारून खात्यात."

माझे यजमान नगरला नोकरीला, महिन्यातून एकदा येत. घरात राहिलो आम्ही तिघं. आत्याबाईंना अक्षरओळख नाही आणि दारूचा वासही सहन व्हायचा नाही. मी मराठी सातवीची फायनल पास, एकोणीस वर्षांची आणि नाकावर राग असलेली. मामंजींनी चार दिवस विचार केला असावा. पाचव्या दिवशी म्हणाले, "सूनबाई, जरा इकडे ये. पण घाईनं नको."

त्यांचं सगळं शिकवणं त्या दोन शब्दांत होतं. घाईनं नको.

त्या काडतुसाची नळी चांगली लांब, बोटापेक्षा जाड आणि वरपासून खालपर्यंत सारख्याच रुंदीची होती. काही काडतुसांना बाटलीसारखी मान असते, तशी हिला नव्हती. मामंजी म्हणत, सरळ नळी भरायला सोपी, काही अडकत नाही. दारू ओता, वर पुठ्ठ्याची चकती ठेवून काठीनं हलकेच दाबा, मग मेणाची चकती, मग कागद गुंडाळलेली शिशाची गोळी. पण तिचा एक दोषही होता. ती खोल होती. आत डोकावलं तर काळोखात काळंच दिसायचं. म्हणून त्यांनी बांबूची एक काडी केली होती आणि तिच्यावर सुरीनं खूण पाडली होती. दारू ओतल्यावर काडी आत सोडायची. खूण नळीच्या काठाला लागली की माप बरोबर.

नळीत दारू घालायची राहिली तर काय होतं, तेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं. नुसती टोपी फुटते. तिचा जोर एवढासा. गोळी काडतुसातून निघते पण बाहेर पडत नाही, रायफलीच्या नळीत मध्येच अडकून बसते. शिकाऱ्याला वाटतं, काडतूस फुसकं निघालं. तो घाईनं दुसरं घालतो आणि झाडतो. पुढे वाट बंद, मागून सगळा जाळ. नळी फुटते ती शिकाऱ्याच्या तोंडाशी. संगमनेरकडचा त्यांच्या ओळखीचा एक माणूस असाच गेला होता. "म्हणून," मामंजी म्हणाले, "आवाज बारीक आला तर हातातलं सगळं थांबवायचं आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते बघायचं. पुढनं वाघ येत असला तरी."

दारू महाग आणि मिळायला कठीण, म्हणून मला आठ दिवस त्यांनी कारळ्यांवर शिकवलं. चटणीचे कारळे. काळे, गुळगुळीत, ओतले की दारूसारखेच सरसर वाहणारे. जुन्या नळीला तारेची मूठ लावून केलेलं एक माप होतं. ते भरायचं, वरून पत्त्याच्या कडेनं सपाट करायचं, हलवायचं नाही, आपटायचं नाही आणि नळीत ओतायचं. हलवलं की दाणे बसतात आणि माप वाढतं. कारळ्यांवर शिकायचं ते टोपी नसलेल्या नळीत, हा दुसरा नियम. आत्याबाई यायच्या, बघायच्या आणि म्हणायच्या, "आता ह्याची चटनी तरी करू का, का ह्ये बी डुकराला घालनार?"

काडतुसं भरायचा दिवस म्हणजे शिळ्या भाकरीचा दिवस. चूल विझवून, राखेवर पाणी मारल्याशिवाय दारूचा डबा उघडायचा नाही. विडी ओढणाऱ्याला त्या दिवशी अंगणातही बंदी. उजेडात, ओसरीवर, वारा नसताना बसायचं.

त्या शुक्रवारी सहा काडतुसं हवी होती. शनिवारी सकाळी हाका ठरला होता. पाटाखालच्या मोठ्या उसात डुकरांचा कळपच्या कळप उतरला होता आणि पन्नास-साठ माणसं डबे-पत्रे बडवत त्यांना बाहेर हुसकायला यायची होती. मामंजींनी मला जुन्या लाकडी काठवटीत सहा मापं दारू मोजून काढायला लावली, सांडलवंडीसाठी वर चिमूटभर जास्त. फळीला सहा भोकं पाडलेली, त्यात टोप्या बसवलेल्या सहा नळ्या उभ्या. मी चार भरल्या. चौथीला त्यांनी माझा हात धरावा तसं बोलून थांबवलं.

"आपटलंस."

"नाही आपटलं, मामंजी."

"मला दिसत नाही, ऐकू येतं. उतावळी नवरी गुडघ्याला बाशिंग. ओत परत, पुन्हा माप."

मी ओतलं, पुन्हा मापलं. तेवढ्यात उसाचा मालक त्यांना बोलवायला आला. हाका कुठून घालायचा ते बघायचं होतं. मामंजी गेले आणि मी तिथं धुमसत बसले. आठ दिवस कारळे ओतून बोटं काळी झाली आणि हे म्हणतात आपटलंस! मला आजही कुणी विनाकारण घाईची म्हटलं की राग येतो, कारण मी खरंच घाईची आहे.

माझं मलाच सिद्ध करायचं होतं. कारळ्यांची वाटी शेजारीच होती. टोपी नसलेली नळी आणायला आत कपाटापर्यंत जावं लागणार. कोण उठतंय? मी समोरचीच पाचवी नळी घेतली, टोपी असलेली. माप कारळ्यांनी भरलं, सपाट केलं आणि इतक्या हळूच ओतलं की मुंगीलाही आवाज गेला नसता. काडी सोडली. खूण बरोबर काठाला. मनात म्हटलं, या आता मामंजी, ऐका.

एवढ्यात गोठ्यातून आत्याबाई ओरडल्या, "अगं धाव, वासरू सुटलं! समदं दूध पेतंय!" मी पदर खोचून धावले. वासराला ओढून बांधलं, त्यानं माझ्या पायावर पाय दिला, त्याला चार शब्द सुनावले, हातपाय धुतले आणि कोरडे करून परत येऊन बसले. फळीवर पाच नळ्या काळ्या दिसत होत्या, एक रिकामी. रिकामी भरली. सहाही नळ्यांत काडी घालून पाहिली. सगळं बरोबर. चकत्या घातल्या, गोळ्या बसवल्या, काडतुसं पुसून पट्ट्यात खोचली. दिवस कलला होता. काठवटीवर फडकं टाकून ती फडताळात सरकवली, वाटीतले कारळे डब्यात ओतले आणि मोकळी झाले.

शनिवारी मामंजी उजाडताच गेले. त्यांना चहा दिला, पट्टा दिला. सूर्य वर आल्यावर मी उरलेली चिमूटभर दारू परत डब्यात टाकायला म्हणून काठवट काढली. फडकं उचललं तर चिमूटभर नव्हती.

मी ती मापात ओतली. माप भरलं. काठोकाठ, आणि वर चिमूटभर.

सहा मापं काढली, सहा नळ्या भरल्या आणि एक माप उरलं. मी दोनदा मोजायला गेले, पण मोजायला होतं काय? एकच होतं. मग ती पाचवी नळी डोळ्यापुढे आली. मी आत्याबाईंना कसंबसं सांगितलं, की एका काडतुसात दारू नाही, कारळे आहेत, आणि ते मामंजींच्या पट्ट्यात आहे. त्या दळायला बसल्या होत्या. जात्याचा खुंटा त्यांच्या हातातच राहिला. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्या म्हणाल्या, "पळ. पदराचं बघू नगंस."

मी पळाले. गावातून, वेशीतून, पाटाच्या कडेनं, डोक्यावरचा पदर गळ्यात आणि पायात काही नाही. देवळापुढे बसलेली माणसं उभी राहिली. मास्तरांची सून पळतेय म्हणजे काहीतरी जळालं असणार, असं त्यांना वाटलं. मी मनात एकच म्हणत होते, प्रभू, तेवढं एक काडतूस शेवटी येऊ दे.

पाटाच्या वळणावर होते तेव्हा रायफलीचा आवाज आला. ढाण्! चांगला दणदणीत, छातीत बसणारा. मी रडले आणि हसले. बारीक नाही, म्हणजे हे दारूचं. पाच उरली. मग डब्या-पत्र्यांचा कल्लोळ ऐकू येऊ लागला. हाका सुरू झाला होता. मी ओरडत होते, पण त्या गोंगाटात माझं मलाच ऐकू येईना. उसाच्या कडेशी पोचले आणि दुसरा बार झाला. तोही दणदणीत. चार उरली.

मामंजी उसाच्या टोकाला बांधावर एक गुडघा टेकून बसलेले होते. दांडा उघडून त्यांनी तिसरं काडतूस आत सरकवलं आणि दांडा मिटला. समोरच्या उसात काहीतरी मोठं, जड, मोडत-तोडत येत होतं. मी मागून गेले आणि त्यांचा उजवा हात कोपरापाशी दोन्ही हातांनी धरला. लग्न होऊन दीड वर्षात माझं बोटही कधी त्यांना लागलं नव्हतं.

"झाडू नका! मामंजी, झाडू नका! त्यात दारू नाही!"

डुक्कर बाहेर आलं. एवढा मोठा एकुलगा, कळप सोडून एकटाच हिंडणारा नर, मी त्याआधी पाहिला नव्हता, नंतरही नाही. आमच्यापासून दहा पावलांवर क्षणभर थांबला, आम्हा दोघांना त्यानं नीट बघून घेतलं आणि शेजारच्या ज्वारीत निघून गेला. मामंजींनी रायफल खाली केली. दांडा उघडून काडतूस काढलं, नळी आभाळाकडे धरून आरपार पाहिली आणि मग म्हणाले, "आता सांग."

तोवर हाका घालणारे उसातून बाहेर पडू लागले होते. पहिल्यांदा उसाचा मालक आला, घामानं निथळत. "मास्तर! आवो डोळे मिटले व्हते का काय? हत्तीएवढं जनावर पुढनं ग्येलं की!"

मामंजी म्हणतील की काडतूस सर्दलं, असं मला वाटलं. ते काही म्हणाले नाहीत. ते गप्प राहिले ते मला वाचवायला की माझ्या तोंडून ऐकायला, ते मी अजून ठरवू शकलेले नाही. मीच सांगितलं. पन्नास माणसांसमोर, पदर गळ्यात असताना, की काडतुसं मी भरते, आणि काल एकात मी दारूऐवजी कारळे भरले. मास्तरांचं काडतूस त्यांची सून भरते, हे गावाला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "काळ आला व्हता बाबांनो, वेळ न्हवती आली."

चार काडतुसांतलं कारळ्याचं कोणतं? बाहेरून सगळी सारखी, तीही मीच पुसून चकचकीत केलेली. मामंजी म्हणाले, कारळे दारूपेक्षा हलके, वजनात फरक पडणार. पण तराजू गावात. तेव्हा एकानं उसाचं सरळ कांडं तोडलं, बरोबर मध्ये सुतळी बांधली आणि दोन्ही टोकांना दोऱ्यांनी एक-एक काडतूस लटकवलं. पन्नास माणसं श्वास धरून बघत होती. पहिली जोडी सारखी उभी राहिली. दुसऱ्या जोडीत एक टोक हळूच वर गेलं.

एका गाडीवानाच्या पक्कडीनं गोळी फिरवून काढली, चकत्या उकरल्या आणि मामंजींनी नळी त्या मालकाच्या तळहातावर पालथी केली. सरसर कारळे पडले. त्यानं ते बघितले, हुंगले, दोन दाणे तोंडात टाकून चावले.

"खरंच की वो कारळं! मास्तर, डुकराला आदी मारायचं आन् मग चटनीसंगं खायाचं, व्हय?"

मग जे हसणं सुटलं ते आवरेना. माणसं बांधावर बसून हसली. मीही हसले. आणि रायफलीत होतं ते काडतूस मात्र चांगलं निघालं. कारळ्याचं पट्ट्यातच होतं. म्हणजे मी एकुलगा फुकट घालवला. मालक हसता हसताही ते बोलून दाखवायला विसरला नाही. "ते ज्वारी खायील आता माझी," म्हणाला. खरंच होतं त्याचं.

मामंजी एकटे हसत नव्हते. उरलेली तीन काडतुसं त्यांनी खिशात घातली, लोकांना राम राम केला आणि घरची वाट धरली. मी चार पावलं मागे. आता बोलतील, मग बोलतील, म्हणून मी कान टवकारून चाललेले. पाटाच्या वळणावर ते थांबले. मागे वळले नाहीत, पाण्याकडे बघत बोलले.

"मी मघापासून एकच विचार करतोय. तो एकुलगा अंगावर आला असता, आणि माझ्या हातात ते कारळ्याचं असतं. टोपी फुटली असती, बारीक आवाज. मग मी काय केलं असतं?"

मी म्हणाले, "नळीतून बघितलं असतं."

"नाही," ते म्हणाले. "इतकी वर्षं मी सगळ्यांना सांगतोय, बघा. तुलाही सांगितलं. पण मी बघितलं नसतं, पोरी. दहा पावलांवर डुक्कर. मी दुसरं घातलं असतं आणि झाडलं असतं."

सूनबाई सोडून पोरी म्हणण्याची ती पहिलीच वेळ. मला ओरडले असते तर मी सहन केलं असतं, तयारी होती. हे मला सहन झालं नाही. मी पाटाच्या कडेला मटकन बसले आणि मोठ्यानं रडले. मामंजी पाठ फिरवून उभे राहिले. सुनेचं रडणं सासऱ्यानं बघू नये, आणि सोडूनही जाऊ नये. दोन्ही त्यांनी तसं उभं राहून सांभाळलं.

डोळे पुसले तेव्हा समोरून कुणी येताना दिसलं. पाटाच्या चिखलातून, अनवाणी, हात पिठानं पांढरे, धड पळताही येत नसलेलं. आत्याबाई होत्या. त्यांना गुडघेदुखी. विहिरीपलीकडे त्या वर्षानुवर्षं गेल्या नव्हत्या. आम्हाला बघून त्या थांबल्या. आधी मामंजींकडे बघितलं, मग माझ्याकडे, पुन्हा मामंजींकडे, डोक्यापासून पायापर्यंत. मग त्या होत्या तिथंच चिखलात बसल्या.

मामंजी झरझर पुढे गेले. "अगं, काही नाही झालं," म्हणाले. "बघ ना, उभा आहे."

"मला उटता येईना," आत्याबाई म्हणाल्या.

आमच्या घरात तोवर त्या दोघांना मी एकमेकांशी सरळ बोलतानासुद्धा ऐकलं नव्हतं. जे असेल ते माझ्यामार्फत. मामंजींनी रायफल माझ्या हातात दिली आणि भर दिवसा, सुनेसमोर, आपल्या दोन्ही हातांनी बायकोचे पिठाचे हात धरून तिला उठवलं.